वर्गातील पाच मिनिटांचे भाषण : तयारी व सादरीकरण



संपर्कसत्रात तुम्हांपैकी प्रत्येकाला पाच मिनिटे बोलावयाचे आहे. अनेक जण त्यासाठी निबंध लिहितात, तो पाठ करतात आणि दुसऱ्याच परिच्छेदाशी अडखळतात. दोष स्मरणशक्तीचा नसतो. निबंधाची वाक्ये कानासाठी रचलेली नसतात.

‘दर्पण’ हा विषय घेऊ. बाळशास्त्री जांभेकरांचे जन्मगाव, शिक्षण, ग्रंथ, अध्यापन असे सारेच सांगू गेल्यास भाषणाची यादी होते. संथ गतीने मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरले, तर हाती जेमतेम सहाशे शब्द उरतात. म्हणून एकच प्रश्न निवडावा : या पत्रात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी दोन स्तंभांत का छापला जाई? इंग्रजी न जाणणारा वाचक आणि मराठी न जाणणारा वाचक, दोघांशी एकाच अंकातून बोलण्याचा तो प्रयत्न होता. प्रश्न ठरला की निवड सोपी होते. पोंभुर्ले हे जन्मगाव गळते. ६ जानेवारी १८३२ ही तारीख राहते, कारण त्या दिवशीचा पत्रकार दिन श्रोत्यांना ठाऊक असतो.

आता वाक्याकडे वळू. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. वाचक मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, श्रोत्याला ती सोय नाही. पुढील वाक्य मोठ्याने म्हणून पाहा : ‘बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेल्या ‘दर्पण’ या पत्रात मराठी व इंग्रजी असा दुहेरी मजकूर दोन स्तंभांत प्रसिद्ध होत असे.’ क्रियापद येईपर्यंत श्रोत्याला सारा भार पेलावा लागतो. तेच असे सांगता येईल : ‘१८३२ सालची ६ जानेवारी. मुंबईत ‘दर्पण’ निघालं. पानावर दोन स्तंभ. एकात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी.’ येथे ‘निघाले’ऐवजी ‘निघालं’ हेच योग्य. ते बोलण्याचे रूप आहे.

‘माझी भाषा शुद्ध नाही’ या संकोचाने खानदेशातील, वऱ्हाडातील वा मालवणकडील कित्येक प्रौढ विद्यार्थी बोलायला उठतच नाहीत. बोली ही प्रमाणभाषेची बिघडलेली प्रत नव्हे. वर्गात प्रमाण शब्दरूपे वापरण्याचा प्रयत्न जरूर करावा. हेल मात्र लपवू नये. त्या धडपडीत आशय हातचा सुटतो. हेलासाठी गुण कापले जाऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हातवाऱ्यांची फार चिंता नको. पहिले व शेवटचे वाक्य तेवढे पाठ करावे. मधल्या भागासाठी चिठ्ठीवर चार-पाच शब्द पुरेत. सराव मोठ्यानेच करावा, कारण मनातल्या मनात वाचताना श्वास कोठे तुटतो हे कळत नाही.

स्वयं-अध्ययन उपक्रम : तुमच्या व्यवसायातील एक वस्तू निवडा. तिच्याविषयी एकच प्रश्न लिहा. त्याचे उत्तर घड्याळ लावून घरातील कोणाला तरी सांगा आणि ऐकणाऱ्याला काय लक्षात राहिले ते विचारून वहीत नोंदवा.