कृष्णाकाठची नाव

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा मेणवली, वाई, कऱ्हाड अशी गावे मागे टाकीत सांगलीस येते. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली खुला झाला. असे पूल नव्हते तेव्हा पावसाळ्यात पैलतीर गाठण्यास लाकडी नावेवाचून तरणोपाय नसे. बाजारकरी, वऱ्हाडी, यात्रेकरू सारे नावाड्याच्या भरवशावर नदी ओलांडीत. औदुंबरास दत्तदर्शन घेऊन भाविक पलीकडच्या भुवनेश्वरीस नावेनेच जात.

हा काळ चित्रपटात दाखवायचा, तर तशी नाव हवी. वाईचा परिसर चित्रीकरणासाठी प्रसिद्ध आहे. मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा आणि दगडी घाट आजही उभे आहेत; २००४ सालच्या ‘स्वदेस’ चित्रपटात हा परिसर दिसतो. वाडा व घाट आयते मिळतात. नाव मात्र सजवून भागत नाही. बरेच दिवस कोरड्यावर पडलेल्या नावेचे लाकूड आक्रसते व फळ्यांचे सांधे उघडे पडतात. म्हणून ती आधी पाण्यात भिजत ठेवावी लागते. लाकूड फुगले म्हणजे सांधे मिटतात आणि गळती थांबते.

वल्हवण्याचेही तसेच. वाहत्या नदीत नाव समोरच्या घाटाकडे सरळ रोखली, तर प्रवाह तिला खाली ओढून नेतो. म्हणून जाणता नावाडी प्रथम काठाकाठाने नाव प्रवाहाच्या वरच्या अंगास नेतो आणि मग तिरकस सोडतो. पूर आलेल्या नदीत एखादा नट सरळ रेघेत पलीकडे पोहोचला, तर नदीकाठचा प्रेक्षक हसल्यावाचून राहत नाही.

नावाड्याची खरी परीक्षा मात्र भार ओळखण्यात असते. प्रत्येक उतारूबरोबर नाव थोडी अधिक बुडते आणि काठ व पाणी यांतील अंतर कमी होते. त्या अंतरावर नजर ठेवून नावाडी एका क्षणी म्हणतो, “आता पुरे!” मागे राहिलेल्यांना राग येतो, परंतु त्या नकारातच सर्वांचे प्राण सुरक्षित असतात. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या महापुरात, सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे, गाव सोडून निघालेल्या माणसांनी भरलेली बोट उलटली आणि अनेकांना जलसमाधी मिळाली.

चित्रपटातील पूर दिग्दर्शकाच्या आज्ञेने ओसरतो. नदीचा पूर कोणाचीही आज्ञा मानीत नाही. तेथे नावाड्याचे ज्ञान आणि उतारूंचा संयम हेच कामी येतात.

स्वाध्याय
१. कोरडी पडलेली नाव आधी भिजत का ठेवतात?
२. नावाडी नाव प्रथम प्रवाहाच्या वरच्या अंगास का नेतो?
३. “आता पुरे!” या शब्दांचे महत्त्व तुमच्या शब्दांत सांगा.