पत मोडते तेव्हा: दासबोधातलं दिवाळं आणि आपलं येणं

आजचं वाचन: श्रीमद् दासबोध, दशक ३, समास ४ (स्वगुणपरीक्षा)



तिसरा दशक वाचताना बरेच जण थोडे वैतागतात, मला माहीत आहे. जन्मदुःख, संसारदुःख, म्हातारपण... एवढं निराशेचं कशाला, असं वाटतं. पण आजचा समास थांबून वाचा, कारण यात समर्थांनी एका घराचं दिवाळं कसं निघतं ते पायरीपायरीने दाखवलं आहे. 'दिवाळं' हा शब्दसुद्धा तिथे आहे, आणि 'पत' हाही.

गोष्ट अशी. आईवडील संपन्न होते, त्यांच्यामुळे समाजात मान होता. मुलाच्या पिढीत मुलंबाळं वाढली, खर्च वाढला, आवक आटली. बाहेर मात्र जुन्या श्रीमंतीचा भ्रम तसाच. मुली लग्नाच्या झाल्या. लग्नं केली नाहीत तर लोक हसतील, वडिलांचं नाव जाईल. कर्ज काढावं तर आधी ज्याचं घेतलं त्याचंच परत केलेलं नाही. शेवटी चीजवस्तू गहाण पडते, गोठ्यातली जनावरं विकली जातात, वर काही रोकड व्याजाने उचलली जाते. लग्नं थाटात होतात आणि सगळे म्हणतात, वा! वडिलांचं नाव राखलं! मग सावकार वेढा घालतात आणि गृहस्थ परमुलखात निघून जातो. दोन वर्षं कुणाला पत्ता नाही, हलकी नोकरी करतो, हाल सोसतो.

हे लिहिणारे समर्थ आपल्या जालना जिल्ह्यातले. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली रामनवमीला त्यांचा जन्म झाला. स्वतः बारा वर्षांचे असताना बोहल्यावरून निघून गेलेला हा माणूस, पण संसारी माणसाची रात्रीची झोप कशाने उडते हे त्यांना किती नेमकं ठाऊक होतं बघा! नाव राखल्याचं कौतुक त्यांनी ज्या शब्दात टिपलं आहे त्यात दंभ हा शब्द येतो. त्यामुळे ते कौतुक वाचताना हसू येतं आणि लगेच पोटात गोळाही येतो. क्रेडिट कार्डचा फक्त 'मिनिमम ड्यू' भरून डेस्टिनेशन वेडिंगचे फोटो टाकणाऱ्यांना हा समास चारशे वर्षं जुना वाटणार नाही.

पण आज मला दुसऱ्या बाजूला थांबायचं आहे. त्या समासात जे वेढा घालून बसले आहेत, ते रिणाईत, त्यांचं काय? समर्थ त्यांच्यावर एखादीच ओवी खर्च करतात. आपण वाचताना सहज त्यांना खलनायक करून टाकतो. सावकार म्हटलं की सिनेमातला मुनीमजीच डोळ्यांसमोर येतो ना!

हे आठवायचं कारण म्हणजे एका वाचकाने विचारलेला प्रश्न. मुलगा पुण्यात आयटीत आहे, वडील जालन्याला. एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा माल ते ट्रकने पोचवायचे. कारखाना बंद पडला, प्रकरण दिवाळखोरीत गेलं, वडिलांचे अकरा लाख अडकले. वडील माळकरी. ते म्हणतात, "जाऊ दे रे, तुकोबांनी तर खतं इंद्रायणीत बुडवली. आपण काय मागत बसायचं?" मुलगा विचारतो, "दादा, आपले पैसे मागणं हा लोभ आहे का?"

नाही. आणि हे उत्तर मला तुकोबांच्या त्याच प्रसंगातून द्यायचं आहे.

तुकोबांचं घर महाजनकीचं, सावकारीचं. दुष्काळात त्यांचं स्वतःचं दिवाळं निघालं, माणसं गेली. पुढे वैराग्य आल्यावर लोकांकडून येणं असलेली खतं त्यांनी इंद्रायणीत सोडली, ही कथा आपण सगळे ऐकत आलो. परंपरा त्यात एक बारीक गोष्ट सांगते, ती कीर्तनात घाईत निसटते. खतांचे आधी दोन वाटे झाले. निम्मी खतं धाकटे बंधू कान्होबांना दिली. कारण त्यांना संसार होता, त्यांचा हक्क होता. बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची.

म्हणजे क्षमा करायचा अधिकार धनकोचा, आणि तोही स्वतःच्या वाट्यापुरता. दुसऱ्याचं येणं आपण उदार होऊन माफ करू शकत नाही. आणि ऋणको तर स्वतःलाच माफ करू शकत नाही. त्या अकरा लाखांत ड्रायव्हरचा थकलेला पगार असेल, डिझेल पंपाची उधारी असेल, तर ती कान्होबांच्या वाट्याची खतं आहेत. वडिलांनी स्वतःचा नफा खुशाल सोडावा, मी त्यांना नमस्कार करेन. बाकीचं मागावंच लागेल.

आता मागायचं कसं, तेही बघू. (अध्यात्माच्या लेखात कायदा कशाला, असं कुणी म्हणेल. प्रपंच नेटका करा हे सांगणाऱ्या समर्थांच्या जिल्ह्यात तरी असं म्हणू नये!)

कंपनी बुडते तेव्हा २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता लागू होते. प्रकरण एनसीएलटीकडे जातं, आपल्यासाठी मुंबईला. अर्ज दाखल करून घेतला की 'मोरेटोरियम' सुरू होतो. त्या काळात कंपनीवर दावे चालत नाहीत, जप्ती होत नाही. धनकोंना हे अन्यायाचं वाटतं, पण विचार करा. समासातल्या घराला वेढा पडला आहे. जो आधी घुसेल तो भांडी उचलणार, जो लाजेल तो रिकाम्या हाताने जाणार. कायदा म्हणतो, सगळे थांबा, आधी मोजदाद करू.

मालाचे किंवा सेवेचे पैसे अडकलेल्यांना 'ऑपरेशनल क्रेडिटर' म्हणतात. स्वतःहून कंपनीला दिवाळखोरीत ओढायचं तर थकबाकी किमान एक कोटीची लागते. ही मर्यादा आधी एक लाख होती, मार्च २०२० मध्ये वाढवली. म्हणून अकरा लाखवाला एकटा ते दार उघडू शकत नाही. पण दार दुसऱ्या कुणी, समजा बँकेने, उघडलं असेल तर आत जाऊन आपला दावा नोंदवायला रकमेची अट नाही. वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, त्यात मुदत आणि व्यावसायिकाचं नाव असतं. 'फॉर्म बी' भरायचा, बिलं, पावत्या, बँकेचं स्टेटमेंट जोडायचं.

आणि इथेच "जाऊ दे रे" महागात पडतं. कंपनी वाचवण्याची योजना एकदा मंजूर झाली की त्यात नसलेले जुने दावे संपतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली हे स्पष्ट केलं आहे. नंतर कितीही खरी बिलं घेऊन गेलात तरी उपयोग नाही.

दावा नोंदवला म्हणजे पैसे मिळाले असंही नाही, हे वडिलांना खरंखरं सांगा. योजनेवर मत देतात बँकांसारखे वित्तीय धनको, ६६ टक्के मतांनी निर्णय होतो. माल पुरवणाऱ्याला मत नाही. कंपनी मोडीत निघाली तर आलेल्या पैशांची रांग ठरलेली असते. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचं मागच्या २४ महिन्यांचं येणं आणि तारण सोडून दिलेले धनको एकाच पायरीवर, मग इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे पगार, मग बिनतारणी वित्तीय कर्ज, मग सरकारी येणी. ट्रकवाला, भंगारवाला, कॅन्टीनवाला या सगळ्यांच्या मागे. मालक-भागधारक त्याहून मागे. कामगारांचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा फंड या वाटपात धरतच नाहीत, आणि हे मला फार चांगलं वाटतं. पण लहान पुरवठादाराला इतकं मागे उभं करणं मला पटत नाही. जालन्यासारख्या गावात एका रोलिंग मिलवर असे कितीतरी छोटे संसार चालतात, आणि त्यांच्याकडे ना तारण असतं ना मत.

म्हणून पाणी गळ्याशी येण्याआधीच हालचाल हवी. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचं बिल ठरलेल्या तारखेला, आणि करार काहीही असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन करता येते. संकोचाने आपली माणसं हे करत नाहीत. "संबंध बिघडतील" म्हणतात. समासातला लौकिक इथे धनकोच्याही मानगुटीवर बसलेला दिसतो!

अजून एक गोष्ट, ती मला चिंतनासाठी सगळ्यात मोलाची वाटते. उधारीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी ऋणकोने लेखी, सहीनिशी देणं कबूल केलं तर मुदत नव्याने सुरू होते. पण मुदत संपली तर काय संपतं? फक्त कोर्टात जाण्याचा मार्ग. देणं संपत नाही. १८७२ चा करार कायदा तर म्हणतो की मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं नवं लेखी, सही केलेलं वचन दिलं तर ते बंधनकारक ठरतं. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांनाही ते जुनं देणं मेलेलं दिसत नाही, निजलेलं दिसतं.

तसंच बापाच्या कर्जाचं. बापाचं ऋण मुलाने फेडणं हा धर्म, असं आपली शास्त्रं मानत आली आणि कोर्टंही ते मानत होती. ९ सप्टेंबर २००५ पासून, हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने, केवळ त्या धर्मकर्तव्याच्या आधारे मुलाकडून नवं कर्ज वसूल करता येत नाही. वारशात जे मिळालं तेवढ्यापुरतीच जबाबदारी. मला हा बदल योग्य वाटतो. धर्म वसुली अधिकाऱ्याच्या हातात नको. ज्याला वडिलांचं नाव खरंच राखायचं आहे तो आपणहून फेडेल, आणि त्यासाठी मांडव घालावा लागणार नाही.

धनकोलाही मर्यादा आहेच. दामदुपटीचा जुना नियम म्हणजे व्याज मुद्दलाहून जास्त घ्यायचं नाही. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही तो आहे. हक्क मागताना माणसाला नागवायचं नाही, ही रेघ आपल्या परंपरेनेच आखलेली आहे.

तर त्या वाचक मित्राला: बाबांना म्हणा, खतं बुडवायची की नाही ते नंतर ठरवू, आधी खतं हातात तरी असू द्या. या आठवड्यात बिलं एकत्र करा, जाहीर सूचनेतली तारीख बघा, फॉर्म भरा. ड्रायव्हरचा आणि पंपाचा हिशेब वेगळ्या कागदावर लिहा. त्या कागदातला एक पैसाही बाबांना माफ करता येणार नाही. उरलेल्या रकमेचं त्यांनी नामस्मरणाला बसून ठरवावं. त्यात मुलाने बोलू नये.

उद्या समास पाचवा. आपला गृहस्थ पुन्हा विदेशी निघालेला आहे.

जय जय रघुवीर समर्थ.