ग्रेट निकोबारला निघण्याआधी

मंचर

चि. सोनूस,


ग्रेट निकोबारवरच्या कॅम्पबेल बेला जायचं तुझं ठरत आलं आहे आणि 'माणसाचा हात न लागलेलं जंगल' बघायची तुला घाई झाली आहे, हे कळलं. जा, जरूर जा. पण आधी एक शनिवार-रविवार इकडे ये आणि घोडेगाव, डिंभे करत आहुप्याला जाऊन ये. भीमाशंकर पाहिलंय म्हणतोस, ते देवळाच्या पायऱ्या आणि गरम भजी. जंगल तू अजून पाहिलेलंच नाहीस.

तुम्ही मुलं जंगलात किलोमीटर मोजत चालता. अशाने शेकरू दिसत नाही. एका जागी गप्प उभं राहावं लागतं. आधी त्याचा खडखडाट कानावर येतो. मग वर बघायचं, दोन झाडांच्या फांद्या एकमेकींत शिरतात तिथे. काटक्या-पानांची त्याची घरटी तिथे सापडतात, एकाच शेकरूची एकाहून जास्त. खाली पडलेली कुरतडलेली फळंही बघत जा. हे डोळे इथे तयार झाले, तर तिथे उपयोगी पडतील. मेगापोड नावाचा निकोबारी पक्षी किनाऱ्यालगतच्या झाडीत माती आणि पाल्याचा ढीग रचून त्यात अंडी पुरतो. कुजणाऱ्या पाल्याच्या आणि उन्हाच्या उबेवर ती उबतात. नजर तयार नसेल, तर कचरा समजून त्याच ढिगावर पाय देशील.

आता त्या 'हात न लागलेल्या'बद्दल. आहुप्याची देवराई कोणी फिरकलं नाही म्हणून टिकलेली नाही. तिथल्या महादेव कोळ्यांनी देवाच्या नावाने ती राखली. राईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा दंडक. डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा शिकलेल्या जगाला त्यांची किंमत कळू लागली. आणि याच महादेव कोळ्यांची उन्हाळ्याची मिळकत म्हणजे रानातला बाळहिरडा. रानात रोज जाणं-येणं, तरी रान उभं. इथे मंचरच्या उसात बिबट्या असतो, संध्याकाळी पोरांना एकटं बाहेर सोडताना जिवाची धाकधूक होते. 'वन्यजीव' हा शब्द आम्ही तुझ्याइतक्या आनंदाने उच्चारत नाही. जंगलाजवळ राहण्याची किंमत कोणीतरी मोजत असतं, एवढं तुझ्या लक्षात असलेलं बरं.

तुझ्या बेटावरही हेच आहे. आतल्या रानात शॉम्पेन आदिवासी राहतात, मोजकी दोन-तीनशे माणसं. ते त्यांचं घर आहे. 1956 च्या नियमानुसार आदिवासी राखीव क्षेत्रात परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि कोणी 'ओळखीने नेतो' म्हणालं तरी जायचं नाही. फोटो नको, बिस्किटं वाटणं तर मुळीच नको. आपलं साधं पडसंही त्यांना भारी पडू शकतं.

समुद्राचं म्हणशील, तर गॅलेथिया उपसागराच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात. रात्री तिथे बॅटरी लावायची नाही. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात. खाडीच्या मुखाशी पोहू नकोस, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. मलेरियाचं डॉक्टरांना आधीच विचार. आणि जहाज ठरल्या दिवशी सुटेल असं धरून पोर्ट ब्लेअरहून (आता श्रीविजयपुरम म्हणायचं) परतीचं विमान काढू नकोस. हवा बिघडली की वेळापत्रक कोलमडतं.

याच गॅलेथिया उपसागरात मोठं बंदर करायचं ठरलंय. शिवाय विमानतळ, वीजकेंद्र आणि शहर. केंद्राने 2022 मध्ये त्याला पर्यावरण मंजुरी दिली. त्यासाठी वळवायचं जंगल सुमारे 130 चौरस किलोमीटर. आपलं भीमाशंकर अभयारण्य केवढं? तेवढंच, 130 चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणून म्हणते, आहुप्याच्या कड्यावर उभा राहा, नजर पोहोचेल तिथवर बघ, मग त्या आकड्याचा अंदाज येईल. भरपाईची झाडं हरियाणात लावणार आहेत म्हणे. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. निकोबारच्या सदाहरित रानाची भरपाई हरियाणाच्या कोरड्या मातीत कशी होते, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

पण माझा राग घेऊन जाऊ नकोस. 1969 पासून सरकारने त्या बेटावर माजी सैनिकांची कुटुंबं वसवली, त्यात आपली मराठीही आहेत. रान तोडून त्यांनी नारळ-सुपारी लावली. 2004 च्या त्सुनामीत त्यांची घरंदारं गेली. इंदिरा पॉइंटची जमीनच चार मीटरहून जास्त खचली. त्यांना दवाखाना हवा असेल, पोरांना नोकऱ्या हव्या असतील. मराठी बोलणारं कोणी भेटलं तर निवांत बस, घाईने कॅमेरा काढू नकोस. बंदराबद्दल त्यांचं आणि निकोबारी लोकांचं काय म्हणणं आहे, ते नीट ऐकून मला कळव. इथे बसून मला ते समजत नाही.

तुझी,
आत्या