ल्युसी लख्ख, अंतराळ धुरकट

प्रश्न : ‘आय लव्ह ल्युसी’ ही १९५१ सालची अमेरिकन मालिका नुकतीच ब्लू-रेवर पाहिली. चित्र इतकं स्वच्छ, की कापडाची वीण दिसावी. मग १९९३ साली सुरू झालेली ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाईन’ डीव्हीडीवर लावली, तर चेहऱ्यांच्या कडा पुसट आणि रंग पसरलेले. बेचाळीस वर्षांनी नवी असलेली मालिका जुनीपेक्षा वाईट कशी दिसते? माझ्याकडची डिस्क नकली तर नाही?

उत्तर : डिस्क अस्सल असली तरी चित्र असंच दिसेल. डीव्हीडीपेक्षा ब्लू-रेत तपशील जास्त मावतो हे खरंच. पण ‘डीप स्पेस नाईन’ ब्लू-रेवर आलेलीच नाही, आणि त्याचं कारण चित्रीकरणाच्या आणि संकलनाच्या टेबलावर सापडतं. मालिका कशावर चित्रित झाली आणि कशावर जोडली गेली, या दोन गोष्टींनी तिचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं.

‘आय लव्ह ल्युसी’चे मुख्य कलाकार ल्युसील बॉल आणि देसी अर्नाझ या नवरा-बायकोला लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं. सीबीएस वाहिनीला कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित व्हायला हवा होता, कारण बहुतेक प्रेक्षक पूर्वेकडे होते. दूरच्या शहरांना तेव्हा किनेस्कोप मिळे, म्हणजे मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून काढलेली नक्कल. ती फारच धूसर असे. या जोडप्याने तोडगा काढला : प्रेक्षकांसमोरच, पण सिनेमासारखं ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रण करायचं. खर्च वाढला, म्हणून दोघांनी मानधन कमी घेतलं आणि बदल्यात रिळांची मालकी आपल्या ‘देसीलू’ कंपनीकडे ठेवली. छायाचित्रणाला आणले कार्ल फ्रॉइंड, जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’ चित्रित केलेले. तीन कॅमेरे एकाच वेळी चालत असताना कुठल्याही कोनातून उजेड बिघडू नये, अशी प्रकाशयोजना त्यांनी बसवली. त्या फिल्ममध्ये जो तपशील उतरला, त्यातला थोडाच १९५१ च्या टीव्हीवर दिसू शकत होता. उरलेला निगेटिव्हमध्ये तसाच राहिला आणि साठ वर्षांनंतर स्कॅनरने तो बाहेर काढला. तुम्ही पाहिलंत ते चित्र मूळ प्रेक्षकांनीही कधी पाहिलं नव्हतं.

१९५६ मध्ये अँपेक्स कंपनीने व्हिडिओ टेप बाजारात आणली. टेप धुवावी लागत नाही, लगेच पाहता येते, पुसून पुन्हा वापरता येते. पण तिच्यावर ठराविक रेषांचंच चित्र मावतं : अमेरिकेत दिसणाऱ्या ४८० च्या आसपास, ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे ५७६. जे टिपलंच गेलं नाही ते कुठलंही यंत्र नंतर आणू शकत नाही. फार तर अंदाजाने रंगवू शकतं. याचा पुरावा डोळ्यांनी पाहायचा असेल, तर ‘द ट्वायलाइट झोन’चा दुसरा सीझन बघा. खर्च वाचवण्यासाठी त्यातले सहा भाग टेपवर घेतले होते. ते भाग आणि त्यांच्या शेजारचे फिल्मवरचे भाग एकाच संचात आहेत, आणि फरक पहिल्या मिनिटातच जाणवतो.

मग ‘डीप स्पेस नाईन’चं काय? तीही फिल्मवरच चित्रित झाली. पण ऐंशीच्या दशकात एक नवी पद्धत रुळली होती. चित्रण फिल्मवर, मात्र लगेच सगळं टेपवर उतरवायचं आणि संकलन, अंतराळयानांचे देखावे, लेझरचे झोत हे सारं टेपवरच जोडायचं. त्यामुळे पूर्ण भाग असा फिल्मवर कधी अस्तित्वातच आला नाही. तिच्या आधीची ‘द नेक्स्ट जनरेशन’ (१९८७–९४) याच पद्धतीची. २०१२ ते २०१४ दरम्यान तिचे सातही सीझन ब्लू-रेवर आणताना मूळ निगेटिव्हचे तुकडे शोधून स्कॅन केले गेले, प्रत्येक भागाचं संकलन शॉटमागून शॉट नव्याने केलं गेलं, आणि यानांच्या प्रतिकृतींचं मूळ चित्रण घेऊन देखावे पुन्हा रचले गेले. काही मोजके शॉट सापडलेच नाहीत. तेवढे टेपवरून मोठे करून घ्यावे लागले. इतक्या कष्टाने जुन्या मालिकेला न्याय दिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. ‘डीप स्पेस नाईन’साठी हाच खटाटोप करायचा, तर तिच्यातले संगणकावर तयार केलेले देखावेही नव्याने करावे लागतील, आणि दरम्यान डिस्कचा बाजार आटत गेला. २०१९ च्या ‘व्हॉट वी लेफ्ट बिहाइंड’ या माहितीपटासाठी चाहत्यांच्या वर्गणीतून तिचे काही प्रसंग निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन केले गेले. ते जरूर पाहा, म्हणजे त्या रिळांमध्ये काय दडलं आहे ते कळेल.

ब्रिटनमधल्या ‘डॉक्टर हू’ची गोष्ट याहून विलक्षण आहे. जुन्या काळातली ही मालिका मुख्यतः स्टुडिओत टेपवर झाली. पण १९७० ची ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’ ही कथा बीबीसीच्या स्टुडिओत संप असल्यामुळे पूर्णपणे बाहेर, १६ मिलिमीटर फिल्मवर घ्यावी लागली. त्या एका संपामुळेच ती २०१३ मध्ये खऱ्या हाय डेफिनिशनमध्ये ब्लू-रेवर येऊ शकली. दुसरीकडे, बीबीसीने अनेक रंगीत टेपा पुसून टाकल्या आणि परदेशी विक्रीसाठी काढलेल्या कृष्णधवल फिल्म प्रती तेवढ्या उरल्या. त्या प्रतींवर ठिपक्यांची बारीक जाळी दिसे. बरीच वर्षं तो दोष मानला गेला. पुढे लक्षात आलं, की मॉनिटरवरून फिल्म काढताना रंगाचा सिग्नल गाळायचा राहिला होता आणि त्याचीच ही खूण आहे! त्या ठिपक्यांवरून संगणकाने मूळ रंग परत मिळवले. २००८ मध्ये ‘डॅड्स आर्मी’ या मालिकेचा एक भाग असा पुन्हा रंगीत झाला, आणि ‘डॉक्टर हू’मधल्या ‘द माइंड ऑफ ईव्हिल’ या कथेच्या २०१३ च्या डीव्हीडीतही ही पद्धत वापरली गेली.

आपल्याकडे तर व्हीसीडीने मोठं नुकसान केलं. तिच्यावर ३५२ बाय २८८ ठिपक्यांचंच चित्र बसतं, म्हणजे उभ्या दिशेने टेपच्या निम्मं. दूरदर्शनच्या जुन्या मालिका किंवा मराठी नाटकं ज्यांनी केवळ व्हीसीडीवर पाहिली, त्यांनी टेपवर होतं तेवढंही पाहिलेलं नाही.

‘वाइडस्क्रीन’ असा शिक्का पाहूनही भुलू नका. जुनं चित्र ४:३ आकाराचं असतं. ते रुंद करताना वरखालचा भाग कापला जातो. २०२१ मध्ये ‘साइनफेल्ड’ नेटफ्लिक्सवर रुंद आकारात आली, तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यावर बेतलेल्या भागात खड्डाच चौकटीबाहेर गेला होता. फिल्मचा नैसर्गिक दाणा घासून काढण्याचा अतिरेकही तितकाच वाईट. चेहरे मेणाचे वाटू लागतात.

आता तुमच्या डीव्हीडीपुरतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आकार ४:३ ठेवा, शार्पनेस बराच खाली आणा आणि ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. शार्पनेस वाढवल्याने तपशील येत नाही, कडांभोवती पांढरी रेघ तेवढी उमटते. शिवाय थोडं मागे बसून पाहा. ती मालिका लहान पडद्यासाठी जोडलेली आहे.