छोट्या शिपायाच्या पायाखालची जमीन
टेबलावर मांडावयाच्या युद्धखेळांतील शिपाई तळव्यापासून डोळ्यांपर्यंत साधारण २८ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे माणूस सुमारे साठपट लहान झाला. त्याच्या बैठकीवरील २ मिलिमीटरचा खडाही मग १२ सेंटिमीटरचा धोंडा ठरतो. हे ध्यानी न घेता आम्ही प्रथम एकाच चाळणीची वाळू पसरली, आणि दोन संध्याकाळी खर्चून रंगविलेला शिपाई जणू पॉलिश-पेपरावर उभा राहिला. आता फेविकॉलवर आधी झाडाच्या सालीचा तुकडा खडक म्हणून बसवितो, पायथ्याशी मोजके खडे आणि मग वस्त्रगाळ कोरडी माती. वाळल्यावर गडद तपकिरी रंग. त्यानंतर फिकट रंगाचा ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा पुसून केवळ उंचवट्यांवरून फिरवितो. खोलगटांत सावली आपोआप उरते. गवत शेवटी, तेही विरळ. त्याच मातीच्या रंगाचा पुसट हात शिपायाच्या बुटांवरही द्यावा.