टायमिंग चेनची खडखड : एक तपास

मोटारसायकलचा आवाज बिघडला म्हणजे आपण मेस्त्रीकडे जातों, मेस्त्री एखादा भाग बदलतो, आपण पैसे देतों, आणि प्रकरण मिटलें असें समजतों. आमच्या गाडीचें प्रकरण मात्र चौदा महिन्यांत तीनदां मिटलें व तीनदां पुन्हा उभें राहिलें. दर वेळीं निदान एकच : टेन्शनर गेला.

मुलांनो, प्रथम हें यंत्र समजून घ्या. फोर-स्ट्रोक इंजिनांत क्रँक दोनदां फिरला कीं कॅम एकदां फिरतो. म्हणून कॅमच्या चक्रास दांते दुप्पट असतात. क्रँक मिनिटास ६००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदास ५० वेळां उघडतो. हा मेळ एक बारीक साखळी राखते. अशा जातीच्या साखळीचा मूळ शोध हॅन्स रेनॉल्ड यांनीं १८८० सालीं मँचेस्टर येथें लाविला. साखळीची जी बाजू सैल पडते तिला एक लवचिक पट्टी दाबते, आणि त्या पट्टीस टेन्शनरची दांडी स्प्रिंगच्या जोरानें पुढें रेटते. आमच्या गाडीच्या दांडीवर करवतीसारखे तिरपे दांते आहेत. ती पुढें सरकते, मागें येत नाहीं. राजदूत व येझ्दी यांवर हात बसलेल्या जुन्या मेस्त्रींना या दुखण्याशीं गांठ पडली नव्हती, कारण त्या टू-स्ट्रोक गाड्यांना कॅमच नव्हता. १९८५ सालीं हिरो होंडाची सीडी १०० आली, आणि ही साखळी हळूहळू घरोघर पोहोंचली.

आमचा मेस्त्री आमचाच जुना विद्यार्थी. हातकणंगले स्टेशनच्या रस्त्यास त्याचें भाड्याचें लहानसें दुकान आहे. तिसऱ्या खेपेस आमचा तोल गेला व चार गिऱ्हाइकांदेखत आम्ही बोलून गेलों, "तू खोटा माल बसवतोस." गांवांत मास्तराच्या शब्दाला वजन असतें; त्याच आठवड्यांत दोघांनीं आपल्या गाड्या दुसरीकडे नेल्या. तो इतकेंच म्हणाला, "सर, एकदा पुरतं उघडून बघूया. माझी चूक निघाली तर मजुरी घेणार नाही."

शनिवारीं दुपारीं दहावीचीं कांहीं मुलें घेऊन आम्ही गेलों. टॅपेटचा आवाजहि असाच येतो, म्हणून त्यानें आधीं टॅपेटची फट पत्तीनें मोजली. ती बरोबर होती. मग लांब स्क्रूड्रायव्हरचें टोंक इंजिनास लावून मूठ कानाशीं धरली. खडखड ब्लॉकच्या साखळीच्या बाजूस होती. संथ चालीवर स्पष्ट, आणि मूठ पिळतांच मंद.

नंतर त्यानें एक डबा काढला. त्यांत आधीं काढलेले टेन्शनर तारखेची चिठ्ठी बांधून ठेविले होते. त्यानें प्रत्येकाची दांडी अंगठ्यानें दाबली. एकहि मागें सरकली नाहीं. म्हणजे टेन्शनर गेलेच नव्हते! इंजिनावरचा टेन्शनर काढतांना त्यानें मागचा बोल्ट व स्प्रिंग आधीं काढली. तसें न केल्यास दांडी झटकन् पूर्ण बाहेर येते आणि पुरावा नाहींसा होतो. दांडी जवळजवळ शेवटच्या दांत्यावर होती. नवा भाग तरी याहून पुढें कसा जाणार? साखळीच लांबली होती.

लोखंड ताणून लांबत नाहीं. प्रत्येक कडीची पिन व तिचें भोंक झिजतें. समजा, १०० कड्या आहेत व प्रत्येकींत ०.०२ मिलिमीटर झीज झाली, तर एकंदर २ मिलिमीटर होतात. ती सारी ढिलाई एका दांडीनें भरून काढावयाची असते.

एका मुलीनें विचारलें, "मग नवा टेन्शनर घातल्यावर आवाज बंद का व्हायचा?" हा प्रश्न आम्हांस सुचावयास हवा होता. उत्तर बिलांत सांपडलें. दर खेपेस टेन्शनरबरोबर इंजिनचें तेलहि नवें घातलें होतें. दोन गोष्टी एकदम बदलल्या, आणि यश एकीच्याच नांवावर मांडलें गेलें. ताज्या, पुरेशा तेलानें खडखड दबे. तेल उतरलें कीं ती परत येई.

आणि तेल कां उतरे? काडी काढून पाहिली तर तिच्या टोंकासहि तेल लागेना. मधल्या महिन्यांत आम्हीं तें एकदांहि पाहिलें नव्हतें. तेलाविना साखळी झिजली, पट्टीवरचें रबर खरवडलें, आणि त्याचे काळे कण तळच्या जाळींत बसून उरलेल्या तेलाची वाटहि त्यांनीं अडविली.

त्यानें साखळी, दोन्हीं चक्रें व पट्ट्या नव्या घातल्या, जाळी धुतली. क्रँक व कॅम यांच्या खुणा जुळवून इंजिन हातानें पुरते दोन फेरे फिरविलें व खुणा पुन्हा पाहिल्या. एक दांता चुकला तरी मेळ बिघडतो, आणि अधिक चुकल्यास पिस्टन व्हॉल्व्हवर आदळूं शकतो. टेन्शनर मात्र तिसरा, तोच, परत बसविला; त्याची दांडी आंत दाबून, स्प्रिंग शेवटीं. इंजिन शांतपणें चालूं लागलें.

मजुरी आम्हीं दिली. पुढच्या सोमवारीं, ज्यांच्यासमोर आम्ही बोललों होतों त्यांपैकीं तिघे दुकानीं असतां, त्यांच्यादेखत आम्हीं त्याची क्षमा मागितली. चौथ्या गृहस्थास घरीं जाऊन सांगितलें. आतां दर शनिवारीं शाळा सुटल्यावर तेलाची काडी पाहण्याचें काम त्या मुलीनें आपणहून घेतलें आहे, आणि ती तें वहींत लिहून ठेवते.