दवाखान्याचं नाव काढलं की चिडतो

प्रश्न : कापूस गेला तेव्हापासून भाऊ रात्ररात्र जागा असतो. ‘मी काय वेडा आहे?’ म्हणतो. काय करू?
– एक बहीण, घाटंजी

उत्तर : ताई, ‘डिप्रेशन’ हा शब्द तूर्त राहू द्या. नापिकीतून सावरलेल्या गावच्याच शेतकऱ्याला त्याच्याशी बांधावर बोलू द्या. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य उपक्रमाने स्थानिक कार्यकर्ते तयार केले, तेव्हा उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आशाताईंनाही सांगा, शेतकऱ्यांच्या समुपदेशनाच्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त त्यांचं हेच काम. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते वाढत नाहीत. ‘हो’ म्हणाला, तर एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा आणि लगेच १४४१६ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा.